इंटरकूलरला हवा मिळत नाहीये? घरी जुगाड करताना या चुका टाळा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. महेश्वरहून इंदूरला परत येताना गुजरी गाव सोडलं की मानपूरचा घाट लागतो. गाडीत चार जण, एसी फुल, बाहेर ४२, आणि माझी जुनी डिझेल हॅचबॅक तिसऱ्या गिअरच्या वर जायलाच तयार नाही, पाय दाबला की नुसता आवाज वाढतो, गाडी आहे तिथेच. हाच घाट जानेवारीत ती चौथ्यात गाणं म्हणत चढते. मागून बाबांचं सुरूच, "डिझेलमध्ये भेसळ असणार, मी सांगतो तुला." भेसळ नव्हती, इंटरकूलरला, म्हणजे इंजिनात जाणारी तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला, बाहेरची हवाच पोचत नव्हती. ती पोचवायच्या नादात पुढचे दोन महिने मी जे काही उद्योग केले त्यातले निम्मे चुकीचे होते, म्हणून हे लिहितोय.

आधी थोडक्यात हिशोब. सायकलला पंप मारला की पंपाचा खालचा भाग तापतो ना, टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपात, तेच होतं, फक्त जास्त. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, म्हणजे हवा आधीच जरा पातळ. बाहेर ४२ असताना एक बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) धरला आणि टर्बोचा हवा दाबणारा भाग, कॉम्प्रेसर, ७० टक्के एफिशियंट धरला तर टर्बोतून निघणारी हवा १४० डिग्रीच्या आसपास जाते. इंटरकूलर ती खाली आणतो. बाहेरच्या तापमानापेक्षा जी ९८ डिग्री जास्त आहे त्यातली किती काढली, ती त्याची एफिशियन्सी. ७० टक्के काढली तर इंजिनला ७१ डिग्रीची हवा मिळते, ५० टक्केच काढली तर ९१ ची. या दोघींच्या घनतेत साडेपाच टक्क्यांचा फरक पडतो. आकडा छोटा वाटतो, पण गरम हवा दिसली की बऱ्याच गाड्यांचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) स्वतःच पॉवर कापतो, मग घाटात जे होतं ते वर सांगितलंच.

बंपर कापायला घेण्याआधी

सगळ्यात पहिली चूक म्हणजे आपल्या गाडीत इंटरकूलर आहे कुठे आणि कसला हेच न बघणं. माझ्या एका मित्राकडे वन लिटर टीएसआय (फोक्सवॅगन-स्कोडाचं टर्बो पेट्रोल इंजिन) आहे, तो पण मला डक्ट, म्हणजे हवा नेणारा बोगदा, बनवून दे म्हणून मागे लागला होता. अरे भिया, त्या इंजिनचा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आणि पाण्याने थंड होणारा, बंपरमागे त्याला हवा कुठून देणार? तिथे पुढे जो छोटा वेगळा रेडिएटर असतो तो स्वच्छ ठेवायचा आणि त्याचं कूलंट बघायचं, बस. जुनी फॉर्च्युनर किंवा एमहॉक स्कॉर्पिओ असेल तर इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर, बॉनेटवरच्या उघड्या तोंडातून, म्हणजे स्कूपमधून, हवा येते. तिथे बंपरशी खेळून काही मिळणार नाही, स्कूपच्या खालचं रबर सील फाटलंय का ते बघा. बाकी आपल्यासारख्यांचा एकतर रेडिएटरच्या पुढे आडवा नाहीतर एका बाजूला फेंडरच्या आत, चाकाच्या पुढे. माझा हा दुसरा प्रकार आहे, आणि तोच सगळ्यात उपाशी राहतो.

दुसरं म्हणजे बूस्ट लीक. डिझेल गाडी जोर लावताना काळा धूर सोडत असेल आणि फुस्स आवाज येत असेल तर हवा बाहेरून कमी पडत नाहीये, आतून पळतेय. होज काढा, आतलं तेल ब्रेक क्लीनरने पुसा, मगच क्लॅम्प आवळा, तेलकट पाइपवर कितीही आवळला तरी बूस्ट आला की तो सरकतोच. पाइपात तेलाचा पातळ थर असणं नॉर्मल आहे, पण इंटरकूलर उलटा केल्यावर वाटीभर तेल निघालं तर टर्बोच्या सीलकडे किंवा ब्रीदरकडे (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीकडे) बघायला हवं. डिझेलवाल्यांनी तर हे अजिबात हसण्यावारी नेऊ नका, साचलेलं तेल इंजिनने ओढलं तर ते चावी बंद करूनही पळत सुटू शकतं.

भोक मोठं केलं म्हणजे हवा येत नाही

ही माझी स्वतःची चूक, त्यामुळे जरा लांबण लावतो. फेंडरच्या पुढे फॉगलॅम्पच्या खाली प्लास्टिकची जाळी असते, अर्धी खरी आणि अर्धी नुसती शोभेची. मी एका रविवारी ती पूर्ण कापली, वाटलं आता धो धो हवा येणार. सोमवारी बायपासला रीडिंग घेतलं तर फरक शून्य. शून्य म्हणजे शून्य, एक डिग्रीसुद्धा नाही.

संध्याकाळी सात वाजता इंदूरच्या राजवाड्याला गेलायत ना? जिथे फट दिसते तिथून टू-व्हीलर निघते, कुणी सरळ रस्त्यात थांबून वाट बघत नाही. हवेचं पण असंच आहे. इंटरकूलरच्या बारीक फिन्समधून (पातळ पत्र्यांमधून) जाणं म्हणजे तिच्यासाठी मेहनत, आणि कोअरच्या, म्हणजे त्या फिन्सच्या गाभ्याच्या, चारी बाजूंनी दोन-दोन बोटं गॅप असेल तर ती तिथून वळसा घालून निघून जाते. माझ्या गाडीत वरच्या बाजूला तर चक्क पूर्ण हात जात होता. म्हणजे मी दार मोठं केलं आणि आतल्या गॅप तशाच ठेवल्या.

उपाय कंटाळवाणा आहे. बंपरच्या तोंडापासून कोअरपर्यंत चारी बाजूंनी बंद बोगदा करायचा. मी आधी नमकीनच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं टेम्प्लेट कापलं, तीनदा चुकलं, चौथ्यांदा बसलं, मग सियागंजमधून एक एमएमची अॅल्युमिनियम शीट आणून त्यावरून कापली आणि रिव्हेट मारले. बाहेरचं तोंड कोअरएवढं मोठं असायची गरज नाही बरं का, कोअरच्या पाव ते तिसरा हिस्सा एरिया पुरतो असा जुना ठोकताळा आहे, फक्त तिथून मागे बोगदा हळूहळू रुंद होत गेला पाहिजे, एकदम फाकवला तर हवा मधूनच सरळ जाते आणि कोपरे कोरडे राहतात.

शीटची धार कोअरला किंवा एसीच्या कंडेन्सरला टेकू देऊ नका. गाडी थरथरते आणि अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम घासत राहिलं तर काही महिन्यांत भोक पडून गॅस गेला समजा. धारेवर जुना रबरी पाइप उभा चिरून चढवायचा आणि उरलेल्या फटीत फोमची पट्टी.

आणि फोम म्हणजे सोफ्याचा स्पंज नाही! मी तोच लावला होता, घरात पडलेला होता म्हणून. जूनच्या पहिल्या पावसात सिमरोलच्या बाजूला गेलो, माळव्याची काळी माती तुम्हाला माहितीच आहे, स्पंजने ती चिखलासकट प्यायली, फुगला, निसटला आणि बरोब्बर कोअरच्या तोंडावर जाऊन बसला. घरी येऊन ओढून काढला तर हातात अर्धा किलो चिखल, आणि आई दारातूनच म्हणाली, "हे घरात आणू नकोस." दाराच्या बीडिंगसारखा बंद पेशींचा रबरी फोम घ्या, जो पाणी पीत नाही. थर्मोकोल तर विचारसुद्धा करू नका.

आत गेलेली हवा बाहेर कुठून जाणार

गाडीखालची प्लास्टिकची ट्रे काढून टाकली की इंजिनला हवा लागते, असं तुम्हाला दहातले आठ उस्ताद सांगतील. उभ्या गाडीत असेल, पण हायवेवर बऱ्याचदा उलटं होतं. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, आणि ती ट्रे खालून येणारी हवा अडवून इंटरकूलरच्या मागचा दाब कमी ठेवते. ट्रे नसेल तर खालून हवा आत घुसते, मागे दाब वाढतो, पुढची आत शिरत नाही. फेंडरवाल्या इंटरकूलरमध्ये मागची हवा चाकाच्या लायनरमधल्या खाचांतून जाते, माझ्या त्या खाचा अंडरकोटिंग करणाऱ्याने छान काळ्या डांबराने लिंपून बंद केल्या होत्या! पेचकसाने खरवडून मोकळ्या केल्या, फुकट काम, आणि माझ्या मते निम्मा फायदा तिथूनच आला.

मोजताना होणारे घोळ

"गाडी हलकी वाटतेय" हे रीडिंग नाही, खर्च करून आल्यावर सगळ्यांनाच हलकी वाटते. गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा ओबीडीचा छोटा डोंगल आणि फोनमधलं अॅप घ्या. पण इथे मोठा सापळा आहे, अॅपमध्ये इनटेक एअर टेम्परेचर म्हणून जे दिसतं ते कित्येक गाड्यांत एअर फिल्टरच्या मागच्या सेन्सरचं असतं, म्हणजे टर्बोच्या आधीचं. मी तीन आठवडे तोच आकडा बघत बसलो होतो. ओळखायची युक्ती सोपी आहे, चढावर पूर्ण बूस्ट दिला तरी आकडा जागचा हलत नसेल तर तो चुकीचा सेन्सर. इंटरकूलरच्या नंतरचा सेन्सर बूस्टबरोबर वर-खाली होतो. अॅपमध्ये चार्ज एअर टेम्परेचर वेगळं मिळालं तर ते घ्या.

तापमान रोज बदलतं, त्यामुळे मला त्याहून भरवशाची वाटली ती गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइपची बारीक नळी. यू आकारात फळीवर बांधली, आत कुंकवाचं पाणी, एक टोक इंटरकूलरच्या पुढे, दुसरं मागे, आणि फळी भाच्याच्या मांडीवर. तो मागे बसून मोठ्याने आकडे वाचतोय, मी पहाटे सहाला बायपासवर ८० ने चाललोय.

"मामा, सहा मिलिमीटर."

"नीट बघ."

"नीटच बघतोय, तू समोर बघ."

या स्पीडला वाऱ्याचा पूर्ण दाबच साधारण २६ मिलिमीटर पाण्याएवढा असतो, त्यातले फक्त सहा कोअरच्या कामी येत होते. बोगदा, फोम आणि लायनरच्या खाचा झाल्यावर तेच पंधरा झाले. एक काळजी घ्या, नळीचं तोंड थेट वाऱ्याकडे करू नका, वाऱ्याला आडवं ठेवा, नाहीतर वाऱ्याचा धक्का थेट नळीत जातो आणि रीडिंग उगाच भारी दिसतं. आणि गाडी चालवणाऱ्याने ते वाचायचं नाही, दुसरा माणूस हवाच.

बाकीच्या फुटकळ पण महागात पडणाऱ्या

उंदीर आणि खडे येतात म्हणून लोक पुढे मच्छरजाळी लावतात. इतक्या बारीक जाळीतून वाऱ्याचा बराच दम निघून जातो, वर दोन दिवसांत किडे आणि धूळ बसून ती भिंतच होते. लावायचीच असेल तर मोठ्या भोकांची लावा. एक्स्ट्रा एलईडी बार, फॅन्सी फॉगलॅम्पचे कव्हर, हे सगळं नेमकं हवेच्या वाटेवर बसतं. बुलगार्डवर (बंपरपुढच्या लोखंडी चौकटीवर) तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, तो काढलात तर हवाही मिळेल आणि चलानही वाचेल.

धुताना प्रेशर वॉशरची गन जवळून मारली की फिन्स झोपतात, मग हवा कुठून जाणार. साधा पाइप, शक्य असेल तर मागून पुढे पाणी, म्हणजे अडकलेलं आल्या वाटेने निघतं. वाकलेल्या फिन्स फिन कोम्बने (त्यासाठीच्या कंगव्याने) सरळ करा, नसेल तर चपटा चिमटा आणि भरपूर संयम.

सिग्नलला थांबल्यावर आकडा ८० ला गेला म्हणून घाबरून पंखा लावू नका, उभ्या गाडीत कोअर तापणारच, मिनिटभर चालली की उतरतो. पंखा लावलात तर हायवेवर तोच अडथळा ठरू शकतो. पाण्याचा फवारा मारायची आयडिया मला पण आली होती, पण आमच्या राजेंद्र नगरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड आणि बाकी बोरिंगचं, ते मारलं की फिन्सवर पांढरा क्षार बसतो. मारायचंच तर बॅटरीत घालतात ते पाणी.

बॉनेट कापून स्कूप बसवायचा किडा डोक्यात असेल तर आधी इन्शुरन्सवाल्याला आणि आरटीओत विचारून घ्या. आणि बंपर काढताना बॅटरीची वायर सुटी करा, पुढे एअरबॅगचे सेन्सर असतात आणि रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत चावी बंद असतानाही फिरतो. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर नाही, स्टँड लावून. बंपरच्या क्लिपा डझनभर आधीच आणून ठेवा, तुटतातच.

या मे महिन्यात परत त्याच घाटात गेलो, बाहेर तेवढेच ४२, तेवढेच चार जण. योग्य सेन्सरवर आधी ७६ दिसायचं, आता ६३ वर थांबलं. चौथ्यात नाही चढली पूर्ण, शेवटच्या वळणाला तिसरा टाकावाच लागला. बाबा म्हणाले, "बघ, पंप बदलला म्हणून."