जादूगुडा परिसरात माती आणि रेडॉन मोजायला निघण्याआधी

झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातल्या जादूगुडा, भाटिन, नरवापहाड या युरेनियमच्या पट्ट्यात मोजमापाला जायचे, तर पावसाळ्यातली तारीख धरूच नका. मातीतल्या रेडियमचे केंद्रक फुटले की रेडॉन या किरणोत्सारी वायूचा अणू तयार होतो आणि धक्क्याने मागे उडतो. दोन कणांमधली फट कोरडी असेल तर तो समोरच्या कणात जाऊन रुततो, फटीत पाण्याचा पातळ थर असेल तर तिथेच अडतो आणि पुढे मोकळा होतो. म्हणून थोड्या ओलाव्याने रेडॉन वाढतो. माती भिजून गच्च झाली की मात्र त्याची वाटच बंद होते. पाऊस थांबून किमान तीन कोरडे दिवस जाऊ द्या आणि सगळ्या ठिकाणी साधारण त्याच वेळी मोजा. हवेचा दाब घसरला की जमिनीतून जास्त वायू ओढला जातो, तेव्हा दाब, तापमान आणि मातीचा ओलावा प्रत्येक नोंदीत हवाच.

खाणीच्या आणि टेलिंग (युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला गाळ) तलावांच्या आवारासाठी लेखी परवानगी हातात घेऊनच गाडी काढा. शेतातली माती घ्यायची तर घरधन्याला आधी विचारा, आकडे त्याला समजतील अशा शब्दांत परत कळवा. तो त्याचा हक्क आहे.

प्रत्येक ठिकाणी १ मीटरच्या चौकोनाचे चार कोपरे आणि मध्य धरा. पालापाचोळा बाजूला करून ५ ते १५ सें.मी. खोलीची माती काढा, घमेल्यात कालवा आणि दोन किलो भरा. पिशवीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका, बाहेरची मार्करची खूण घासून जाते. टेलिंगसाठी खुरपे आणि घमेले वेगळे ठेवा, मास्क आणि हातमोजे घाला.

प्रयोगशाळेत माती १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि २ मि.मी. चाळणीतून काढा. इथेच दोन वाटे करा. गॅमा मोजणीचा, म्हणजे मातीतून निघणारे गॅमा किरण मोजण्याचा, वाटा दळला तरी चालतो. रेडॉन उत्सर्जनाचा वाटा दळू नका, कण बारीक झाले की सुटणारा वायूच बदलतो.

गॅमाचा डबा हवाबंद करून २८ दिवस ठेवा. रेडॉनचे अर्धायुष्य ३.८२ दिवस, म्हणजे सातच दिवसांत मोजले तर संतुलन (रेडॉन जितका तयार होतो तितकाच विघटित होतो ती स्थिती) जेमतेम ७२ टक्के झालेले असते. पातळ पॉलिथिनमधून रेडॉन निसटतो, तेव्हा डबा जाड भिंतीचा घ्या आणि झाकणाची कड इपॉक्सीने बंद करा. शंका असेल तर रेडॉनपासून पुढे तयार होणाऱ्या बिस्मथ-२१४ ची ६०९ केईव्ही (गॅमा किरणांच्या ऊर्जेचे एकक) रेषा २८व्या आणि ४०व्या दिवशी ताडून पाहा. मोजणीच्या अनिश्चिततेपलीकडे फरक निघाला तर डबा गळतो आहे. थोरियमसाठी ९११ आणि २६१४, पोटॅशियमसाठी १४६० ची रेषा. अंशांकनाचे प्रमाण नमुने त्याच आकाराच्या डब्यात, तेवढ्याच उंचीपर्यंत भरा. टेलिंगमधून युरेनियम काढून घेतलेले असते, रेडियम मागे राहते. बिस्मथच्या रेषेवरून तिथला युरेनियम सांगू नका.

जमिनीवरच्या मापासाठी पालथे भांडे लागते, कड ५ सें.मी. तरी मातीत रुतवलेली. आतली मोकळी उंची २० सें.मी. असेल आणि जमीन सेकंदाला चौरस मीटरमागे ०.०२ बेकरेल (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन) रेडॉन सोडत असेल, तर तासाला घनमीटरमागे ३६० बेकरेलची वाढ दिसते. पहिल्या तास-दोन तासांची सरळ रेषा तेवढी वापरा. रात्रभर ठेवलेल्या भांड्यात रेडॉन मातीत परत झिरपतो, कडेने गळतो, रेषा वाकते आणि उत्सर्जन खोटेच कमी निघते. थोरॉनचे (थोरियमपासून येणाऱ्या रेडॉनच्या दुसऱ्या प्रकाराचे) अर्धायुष्य ५६ सेकंदांच्या आसपास आहे. यंत्राकडे जाणाऱ्या नळीत चार-पाच मिनिटांचा विलंब ठेवला की तो वाटेतच संपतो.

रेडॉन सतत मोजणाऱ्या यंत्राच्या ओलावा शोषणाऱ्या नळीतले निळे दाणे निघण्यापूर्वी पाहा. गुलाबी कड अर्ध्यावर आली असेल तर नळी बदला, कारण आत दमट हवा गेली की रेडॉनपासून तयार होणारा विद्युतभारित पोलोनियम संवेदकापर्यंत पोचत नाही. बदली नळ्या दोन घ्या, दोन्ही तोंडांना बुचे लावून.