अँग्युलरमध्ये कंपोनंट वाढवताना: नवोदितांसाठी अनुभवाचे चार शब्द

अँग्युलर या वेब-अ‍ॅप उभारण्याच्या फ्रेमवर्कवर चालणाऱ्या एखाद्या मोठ्या प्रकल्पात नव्याने दाखल झालेल्या व्यक्तीला सुरुवातीला जे काम मिळते, ते बहुधा नवे पान उभारण्याचे नसून आधीच्या कंपोनंटमध्ये, म्हणजे पानाच्या एका स्वतंत्र तुकड्यात, थोडी भर घालण्याचे असते. मजकूर भरण्याची चौकट तयार असते. आता तशीच, पण केवळ मोबाइल क्रमांक स्वीकारणारी चौकट हवी असते. जुनी फाइल कॉपी केली, तर पुढची प्रत्येक दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते; जुन्याच कंपोनंटला आणखी एक इनपुट (बाहेरून मिळणारे मूल्य) जोडला, तर वर्षभरात त्याच्या टेम्प्लेटमध्ये (एचटीएमएल आराखड्यात) अटींचे जंगल माजते. अशा वेळी इनहेरिटन्सचा, म्हणजे मूळ क्लासपासून (कंपोनंटच्या कोडच्या साच्यापासून) नवा क्लास काढण्याचा विचार रास्त ठरतो.

कंपोनंटच्या बाबतीत ही सोय डिसेंबर २०१६ मधील २.३ या आवृत्तीपासून आहे. मूळ क्लासचे इनपुट, आउटपुट (बाहेर कळवल्या जाणाऱ्या घटना), होस्टवरील म्हणजे कंपोनंटच्या स्वतःच्या टॅगवरील बाइंडिंग, टेम्प्लेटमधील घटक शोधणाऱ्या व्ह्यूचाइल्डसारख्या क्वेरी आणि ठरावीक टप्प्यांवर आपोआप चालणाऱ्या एनजीऑनइनिटसारख्या लाइफसायकल पद्धती नव्या क्लासला आपोआप मिळतात. मात्र कंपोनंट डेकोरेटरमध्ये (क्लासच्या डोक्यावरील माहितीच्या टिपणात) लिहिलेला सिलेक्टर म्हणजे टॅगचे नाव, टेम्प्लेट आणि स्टाइल यांपैकी काहीही मिळत नाही. नवोदितांना ही उणीव वाटते. माझ्या मते फ्रेमवर्कने येथेच योग्य दिशा दाखवली आहे: मूळ क्लासमध्ये वर्तन ठेवावे आणि रूप ज्याचे त्याने ठरवावे. लेबल, चूक दाखवणारा संदेश केव्हा दिसावा याचा निर्णय, चौकट निष्क्रिय करण्याची स्थिती या गोष्टी मूळ क्लासमध्ये शोभतात. दोन्ही कंपोनंटना एकच टेम्प्लेट फाइल देता येते, परंतु तशी गरज वारंवार भासू लागली, तर वेगळा क्लास खरोखर हवा होता का, हे आधी तपासावे.

ज्या मूळ क्लासला स्वतःचे रूप नाही, तो अमूर्त (थेट न वापरता येणारा) ठेवून त्यावर सिलेक्टर नसलेला डिरेक्टिव्ह डेकोरेटर लावावा; डिरेक्टिव्ह म्हणजे स्वतःचे टेम्प्लेट नसलेले वर्तन. त्यात इनपुटसारख्या अँग्युलरच्या सोयी वापरल्या असतील, तर आवृत्ती १० पासून हा डेकोरेटर अनिवार्य आहे.

सर्वांत जास्त वेळ खाणारी अडचण लाइफसायकल पद्धतींची असते. नव्या क्लासमध्ये एनजीऑनइनिट लिहिताच मूळ क्लासमधील त्याच नावाची पद्धत झाकली जाते. सुपर या मूळ क्लासकडे नेणाऱ्या शब्दामार्फत ती बोलावली नाही, तर कोणतीही त्रुटी न दिसता मूळची जुळवाजुळव राहून जाते. अँग्युलरचा कोड ज्या भाषेत लिहितात त्या टाइपस्क्रिप्टच्या ४.३ आवृत्तीत आलेला ओव्हरराइड हा शब्द सक्तीचा करणारे सेटिंग चालू ठेवल्यास आपण काय झाकतो आहोत, हे निदान वाचणाऱ्याच्या नजरेत येते. सुपरचा उल्लेख राहिला का, हे मात्र ते सेटिंग सांगत नाही. कन्स्ट्रक्टरची, म्हणजे क्लासची वस्तू तयार होताना चालणाऱ्या पद्धतीची, डोकेदुखी आता बरीच कमी झाली आहे. पूर्वी मूळ क्लासला एखादी नवी सर्व्हिस (अनेक ठिकाणी वापरला जाणारा सामायिक क्लास) लागली, की स्वतःचा कन्स्ट्रक्टर असलेल्या प्रत्येक उपक्लासमधून ती सुपरकडे पोहोचवावी लागे. आवृत्ती १४ पासून सर्व्हिस मागवणारे इंजेक्ट फंक्शन क्लासच्या फील्डमध्येच वापरता येत असल्याने उपक्लासना त्याची वार्ताही लागत नाही.

पुस्तकी उदाहरणांपेक्षा अँग्युलरच्या फॉर्म्स लायब्ररीचा स्रोत वाचावा, असे मी नव्या सहकाऱ्यांना सुचवतो. बदल कळवण्याची आणि स्पर्श नोंदवण्याची व्यवस्था तेथे बेसकंट्रोलव्हॅल्यूअ‍ॅक्सेसर या क्लासमध्ये एकदाच लिहिलेली आहे, आणि चेकबॉक्स, अंक किंवा रेडिओ यांचे क्लास मूल्य पडद्यावर कसे लिहायचे यासारख्या आपापल्या बाबी सांभाळतात. त्याच धर्तीवर स्वतःच्या चौकटी लिहिताना एनजीव्हॅल्यूअ‍ॅक्सेसरचा प्रोव्हायडर (ही चौकट फॉर्मला जोडणारी नोंद) प्रत्येक उपकंपोनंटच्या डेकोरेटरमध्ये पुन्हा द्यावा लागतो, कारण प्रोव्हायडर डेकोरेटरबरोबर मूळ क्लासपाशीच राहतात.

मर्यादाही ओळखाव्यात. टाइपस्क्रिप्टमध्ये क्लासला एकच मूळ क्लास असू शकतो. त्यामुळे टूलटिप (माउस नेल्यावर दिसणारी टीप), कळफलकावरील हालचाल आणि परवानगी तपासणे ही तिन्ही वर्तने हवी असली, की एकाखाली एक क्लासांची उतरंड रचण्याचा मोह होतो. तिसऱ्या पायरीनंतर एखादा इनपुट नेमका कोठून आला, हे शोधण्यातच दुपार जाते. अशा स्वतंत्र वर्तनांसाठी आवृत्ती १५ मधील होस्टडिरेक्टिव्ह्ज ही सोय अधिक सरळ आहे: प्रत्येक वर्तन वेगळ्या स्टँडअलोन (मॉड्यूलशिवाय वापरता येणाऱ्या) डिरेक्टिव्हमध्ये लिहून कंपोनंटच्या डेकोरेटरमध्ये त्यांची यादी देता येते, आणि त्यांपैकी कोणते इनपुट बाहेर उघडे ठेवायचे, तेही तेथेच ठरवता येते. मोबाइल क्रमांकाच्या चौकटीसाठी मी आजही एका पायरीचा इनहेरिटन्सच निवडेन. टूलटिपसाठी कदापि नाही.