लग्नघरातला खून: विनोदी प्रेम-रहस्यकथा कशी रचावी

खून, प्रेम आणि विनोद एकाच कादंबरीत घालायला निघालेली बहुतेक हस्तलिखितं पहिल्या पन्नास पानांतच फुटतात. एका प्रकरणात तपास, पुढच्यात प्रेम, मध्येच हसवायला एखादा विसरभोळा काका. वाचक तपासाची पानं वाचतो आणि बाकीची उलटतो. हे टाळायचं तर लिहायला बसण्याआधी दोन गोष्टी ठरवा. खुनाचे दुवे विनोदी प्रसंगांतच लपवायचे, आणि उकल नायक-नायिकेत अर्धी-अर्धी वाटून टाकायची. दोघांचं बिनसलं की तपास अडतो, जुळलं की पुढे सरकतो. मग प्रेमकथा मधे लुडबुडत नाही, तीच कथानक ओढते.

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर दाखवलं आहे. जागा मंगल कार्यालय.

जागा आणि वेळ

आदल्या संध्याकाळच्या सीमांतपूजनापासून दुसऱ्या दिवशी हॉल रिकामा करेपर्यंत माणसं ठरलेली, खोल्या ठरलेल्या. वर दोन्ही पक्षांच्या खोल्या, खाली हॉल, मागे भटारखाना, बाहेर बँडवाले. एकाकी बेट किंवा पुरात तुटलेला पूल शोधायची गरज नाही. लग्न टाकून कोणी जात नाही, गेलंच तर चारचौघांत चर्चा होते.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे मंगलाष्टकं. तीन-चारशे माणसं हातात अक्षता घेऊन एकाच दिशेला बघत उभी असतात, वरचा मजला ओस पडलेला असतो, आणि शेवटच्या ‘सावधान’ला बँड सुरू होतो. खुन्याला याहून सोयीची पंधरा मिनिटं मिळायची नाहीत.

त्यातच वेळेचा घोळ आयता मिळतो. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा. पण दोन आत्या आणि एक निवृत्त मुख्याध्यापक स्वतः रचलेली मंगलाष्टकं घेऊन आलेत, प्रत्येकात दोन्ही घरांतल्या माणसांची नावं गुंफलेली. अक्षता पडतात १२ वाजून ४१ला. नंतर जबाब देताना निम्मे लोक सांगतात, “मुहूर्ताला मी हॉलमध्येच होतो.” कोणता मुहूर्त, पत्रिकेतला की खरा? या चौदा मिनिटांत तुमच्या खुन्याचा बचाव उभा राहतो आणि शेवटी तिथेच कोसळतो. आत्याबाईंचं मंगलाष्टक लिहिताना हात आखडू नका. ते जितकं रटाळ, तितका दुवा चांगला झाकला जातो.

प्रेत कधी सापडावं हाही विचाराचा भाग आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे, विधींमध्ये सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. म्हणून प्रेत अक्षता पडल्यावर आणि सप्तपदीच्या आधी सापडू द्या. खाली पहिली पंगत बसलेली आहे, वर किंकाळी. आता लग्न झालं की नाही? मृत्यू मुलीच्या भावकीत, मग सुतक तिला लागू की ती दुसऱ्या गोत्रात गेली? भटजींना दोन्ही व्याही दोन बाजूंनी विचारतात आणि भटजी पंचांगात तोंड घालून बसतात. यात हसू माणसांच्या अडचणीचं आहे, प्रेताचं नाही. प्रेतावर विनोद केला की पुढे धोक्याचा प्रसंग आला तरी वाचक घाबरत नाही.

खून आणि कारण

विष वापरायचा मोह आवरा. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत जातो, अहवाल यायला वेळ लागतो, आणि तोवर तुमची सगळी पात्रं आपापल्या गावी परततात. हत्यार जागेतलंच हवं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेलं. आपल्या उदाहरणात ते आहे फेटा. रुंद, मऊ कापडाची गळ्यावर पुसट खूण उमटते, त्यामुळे सुरुवातीला हा हृदयविकाराचा झटका वाटू शकतो. खुनी स्वतःच्याच डोक्यावरचा फेटा सोडतो, काम उरकतो आणि तो पुन्हा बांधून खाली येतो. बांधता त्याला नीट येत नाही. कार्यालयात साठ फेटे एकाच फेटेवाल्याने बांधलेत, एक सोडून.

कारण लग्नघरात शोभणारं असावं. आंतरराष्ट्रीय तस्करी वगैरे आणली की वातावरण विटतं. जमीन पुरेशी आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मजात हक्क आहे. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. म्हणूनच बहिणींकडून हक्कसोडपत्रं करून घेतली जातात. आपला खुनी, वधूचे काका बाळासाहेब, यांनी बहिणीची सही ‘सोसायटीच्या कर्जाचा कागद’ म्हणून घेतली. दस्तावर साक्षीदार म्हणून त्यांचे चुलते अण्णा यांची सही आहे; खून होतो तो याच अण्णांचा. अण्णांना म्हातारपणी ते टोचू लागलंय, आणि मांडवात बहिणीला सगळं सांगायचं त्यांनी ठरवलंय. एवढं कारण वाचकाला पटतं, कारण असा कागद त्याच्याही घरात कुठेतरी असतो.

अण्णा फार गोड नसावेत. रुसणारे, पैसे उसने देऊन चारचौघांत आठवण करून देणारे. मात्र शेवटी कळावं की मेले तेव्हा ते एक बरं काम करायला निघाले होते. तेवढ्यानं पुस्तकाला वजन येतं.

जोडी

मीनल, दुसऱ्या कॅमेऱ्यावरची फोटोग्राफर. दिगंबर, कोल्हापूरहून आलेला फेटेवाला. तिच्याकडे दोन हजारांवर फोटो आहेत, प्रत्येकावर सेकंदासकट वेळ. फक्त तिच्या कॅमेऱ्याचं घड्याळ मुख्य कॅमेऱ्याशी जुळवलेलं नाही, नऊ मिनिटं पुढे आहे. त्याच्याकडे फोटो नाहीत, पण बांधणी त्याला हाताने ओळखू येते. एकाकडे पुरावा, दुसऱ्याकडे तो वाचायचं ज्ञान. हे दोघं बोलत नाहीत तोवर खुनी सुरक्षित आहे.

त्यांचं भांडण तपासातूनच निघायला हवं. तिसऱ्या माणसावरून झालेला गैरसमज आता कोणालाच पटत नाही. इथे मीनलच्या फोटोंत दिगंबर जिन्यावर दिसतो, कॅमेऱ्याच्या घड्याळाप्रमाणे नेमका खुनाच्या वेळी. ती गप्प राहते. तिनं त्याच्यावर संशय घेतला हे त्याला हवालदाराकडून कळतं. हा राग खरा आहे आणि तो ‘सॉरी’ने जात नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलंय हे समजलं की दोन गाठी एकदम सुटतात: दिगंबर निर्दोष ठरतो आणि बाळासाहेबांचा बचाव उघडा पडतो.

प्रेम वाढतंय हे संबोधनांतून दाखवता येतं. सुरुवातीला ‘ओ मॅडम’ आणि ‘ओ दादा’. मग दोन्हीकडून ‘तुम्ही’. मध्यावर अंधाऱ्या भटारखान्यात पाऊल वाजतं आणि तिच्या तोंडून “तू मागे हो” निघून जातं. त्यावर कोणीही, निवेदकानेसुद्धा, काही बोलू नये. पुढच्या प्रकरणात ती पुन्हा ‘तुम्ही’वर येते. वाचकाच्या ते लक्षात येतं आणि त्यालाच मजा वाटते.

दुवा लपवायचा कसा

पंगतीचा प्रसंग असा लिहून पाहा (शेमला म्हणजे फेट्याचं मोकळं, लोंबतं टोक):

“बाळासाहेब, फेटा कललाय तुमचा,” आत्याबाई म्हणाल्या.

बाळासाहेबांनी जिलबीचं ताट डाव्या हातात घेतलं आणि उजव्याने फेटा दाबला. डाव्या खांद्यावरचा शेमला मठ्ठ्यात जाता जाता वाचला.

“फेटा नाही हो, माणूसच कललाय. सकाळपासून विहीणबाईंना आग्रह करतोय,” मुख्याध्यापक म्हणाले. विहीणबाईंनी पान पुढे सरकवलं, “म्हणजे मला अजून दोन जिलब्या मिळणार तर.” पंगत हसली, आणि नेमका त्याच वेळी वर कोणीतरी ओरडलं.

शेमला दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी आहे, पण गंमत मठ्ठ्यावर आहे. लगेच टोमणा येतो, त्यावर प्रतिटोमणा, त्यावर किंकाळी. वाचकाने वाक्य वाचलंय, साठवलं मात्र नाही. हाच शेमला प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत ठेवला असता तर तो कोणालाही सापडला असता. दुव्याचं दुसरं टोक बरंच आधी, तिसऱ्या प्रकरणात पेरलेलं असावं. तिथे दिगंबर नवरदेवाच्या भावाला दटावतो, “शेमला पाठीवरच राहील. खांद्यावर हवा असेल तर दुसरा फेटेवाला बघा.” दोन्ही टोकं विनोदी, दोन्हींत दोन-तीन प्रकरणांचं अंतर.

असे अपरिहार्य दुवे तीन पुरेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या रीतीने झाका: एक हशाखाली, एक भांडणात, एक याद्यांत. आहेराची वही, भटाऱ्याचा हिशेब, रुखवताची यादी. आठ ओळींच्या यादीत पाचवी ओळ कोणी बारकाईने वाचत नाही. दिशाभूल करणारे दुवे चार ठेवा, पण प्रत्येकाचा खुलासा व्हायलाच हवा. भटारखान्यातून गायब झालेलं काजूचं पोतं खुनाशी संबंधित नसेल तर ते कोणी नेलं हे शेवटी सांगा. त्या उत्तरावर आणखी एक हशा मिळतो.

१९३० साली लंडनमध्ये डिटेक्शन क्लब स्थापन झाला. तिथे सभासदांना शपथ घ्यावी लागे की आपले गुप्तहेर दैवी साक्षात्कार, अंतःप्रेरणा किंवा योगायोग यांच्या आधारे खुनी शोधणार नाहीत. आपल्याकडे त्यात अंगात येणारी मावशी आणि पत्रिका बघणारे गुरुजी जोडावेत. गुरुजी खुन्याचं नाव सांगू शकतात, फक्त ते चुकीचं असलं पाहिजे.

पोलीस

फौजदाराला विदूषक करू नका. कायदा हास्यास्पद झाला की पकडलं जाण्याची भीती संपते. फौजदार हुशार आणि दमलेला असावा. हसू परिस्थितीतून येऊ द्या.

क्रम असा: पाहुण्यांतला एक डॉक्टर मृत्यूचा दाखला द्यायला नकार देतो. पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. पंचनाम्याला परिसरातले किमान दोन पंच लागतात, आणि बँडमास्तर व भटारी दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. शवविच्छेदनानंतर खुनाचा गुन्हा दाखल होतो, भारतीय न्याय संहिता कलम १०३ प्रमाणे. हे १ जुलै २०२४ नंतरचं. कथा त्याआधीची असेल तर जुनं ३०२. जुना हवालदार सवयीने ‘तीनशे दोन’ म्हणतो आणि फौजदार थंडपणे आकडा दुरुस्त करतो, असं एकदाच येऊ द्या, दुसऱ्यांदा नको.

डॉक्टरच्या तोंडी ‘मृत्यू १२ वाजून ३५ मिनिटांनी’ असं वाक्य कधीही घालू नका. शरीराचं तापमान आणि ताठरपणा यांवरून फार तर काही तासांचा पट्टा सांगता येतो. मिनिटं साक्षीदारांकडून आणि फोटोंकडूनच यावीत. मोबाइलच्या नोंदींचाही बाऊ नको, अख्खं कार्यालय एकाच टॉवरखाली असतं.

शेवटी खुनी सगळ्यांसमोर कबुली देतो आणि गोष्ट संपते, हा फार जुना आळस आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. मात्र कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग ग्राह्य धरतात. म्हणून कबुलीतून वस्तू निघू द्या. इथे ती अण्णांच्या खिशातून काढून रुखवताच्या भातुकलीत, पितळी बंबात कोंबलेली हक्कसोडपत्राची प्रत.

माप आणि दुरुस्ती

साठ-सत्तर हजार शब्द, साधारण पस्तीस प्रकरणं. प्रेत सहाव्या प्रकरणापर्यंत, खून असल्याची खात्री नवव्यात, जोडीचं बिनसणं बाविसाव्यात, समेट आणि उकल तिसाव्यानंतर लागोपाठ. समेट आधी उरकला तर शेवटची पन्नास पानं शिळी होतात. संशयित पाच, नावानिशी लक्षात ठेवायची माणसं एकूण दहा-बारा. लग्नघरात हे अवघड आहे, कारण काका-मामांचा पूर लोटतो. बाकीच्यांना ‘नाशिकची मावशी’ एवढंच ठेवा, आणि एकाच अक्षराने सुरू होणारी दोन महत्त्वाची नावं टाळा.

पहिला खर्डा लिहायच्या आधी भल्या मोठ्या कागदावर सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेचा तक्ता करा: आडवं पाच-पाच मिनिटं, उभं प्रत्येक पात्र. कोण कुठे होतं, कोणाला कुठे दिसलं. तक्त्यात घर रिकामं राहिलं तर तिथेच कथानक गळणार.

मधला भाग बहुतेकदा सलग चौकश्यांमुळे बसतो: एक प्रकरण, एक संशयित, प्रश्नोत्तरं. चौकशी नेहमी कामाच्या धबडग्यात घ्या. उरलेल्या भाताची विल्हेवाट लावताना भटारी बोलतो, फेट्यांच्या घड्या घालताना चुलतभाऊ खोटं बोलतो आणि घडी चुकते.

खर्डा तीन जणांना द्या, त्यांतला एक तरी रहस्यकथा कोळून प्यालेला हवा. बाराव्या, विसाव्या आणि अठ्ठाविसाव्या प्रकरणाच्या शेवटी संशयिताचं नाव कागदावर लिहायला सांगा. बाराव्यालाच तिघांनी बाळासाहेब लिहिलं तर शेमला फार उघडा पडलाय, मठ्ठा वाढवा. अठ्ठाविसाव्यालाही कोणी लिहिलं नाही तर तिसऱ्या प्रकरणातलं दिगंबरचं वाक्य आणखी एका पात्राच्या तोंडून, थोडं बदलून, पुन्हा येऊ द्या.