सायकलवर रंगपेटी: मनोरी-उत्तनला निघण्याआधी या चुका टाळा

मालाडहून मार्वे, फेरीबोटीत सायकल चढवली की पलीकडे मनोरी. तिथून गोराई, पुढे उत्तन. फेब्रुवारी-मार्चमध्ये जलरंगात निसर्गचित्रं करायला मुंबईकराला याहून सोपी सहल नाही. तरी मी पहिली दोन वर्षं तिथून चिखलाच्या रंगाचे कागद घेऊन परतत होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी सायकल आणि मग चित्र. उत्तनपर्यंत दणकून पेडल मारायचं, मिसळ हाणायची आणि साडेदहाला कागद काढायचा. तोवर सावल्या झाडाच्या बुंध्याशी गोळा झालेल्या असतात आणि समोरचं शेत पापडासारखं सपाट दिसतं. मार्चच्या सुरुवातीला सूर्य सातच्या आत-बाहेर उगवतो. चित्राचे तास म्हणजे तिथून नऊपर्यंतचे. म्हणून जाताना थांबा, रपेट नंतर मारा. उतरल्या उतरल्या ब्रश मात्र धरू नका. हँडलच्या हादऱ्यांनी बोटं बधिर झालेली असतात, दहा मिनिटं नुसतं बघत बसा. मग पेन्सिलीने आधी सावल्यांच्या कडा पक्क्या करा आणि त्या सरकल्या तरी त्यांच्या मागे धावू नका.

एका सकाळी चार चित्रांचा हट्टही सोडा. चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावाकडे पुन्हा पुन्हा वळले. आपल्याला गोराईचं एक मिठागर दोन-तीन रविवार पुरायला हरकत नाही.

आता हिरव्याचं. व्हिडिओ बघून शिकलेल्या माणसाचा वसंत विलायती असतो, त्यामुळे तो सॅप ग्रीनची ट्यूब पिळून मोकळा होतो. आपल्याकडे होळीच्या सुमारास गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि भाताच्या खाचरात नुसती धसकटं उरतात. तिथे यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, म्हणजे मातकट पिवळा आणि तांबूस तपकिरी, लागतात. हिरवं फक्त खारफुटीत आणि आंब्यात, तेही जरा मळकं, म्हणजे हिरव्यात चिमूटभर सिएना. कर्जतच्या बाजूला गेलात तर पळस भेटेल. त्याचा केशरी थेट ट्यूबमधून लावला की चित्राचं कॅलेंडर होतं. फूल जवळून बघा: पाकळ्या केशरी, पण खालचा देठाकडचा पेला काळपट मखमली. ते गडद ठिपके आधी मांडले आणि मागचं आकाश अल्ट्रामरीन निळा आणि सिएना मिसळून झालेल्या करड्यात ठेवलं, की केशरी आपोआप पेटतो.

पाण्याची चूक मी स्वतः केली आहे. बाटली पिऊन संपली, म्हणून खाडीचं पाणी घेतलं. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळल्यावर त्यात मिठाचे पांढुरके डाग उठले, जणू गोवर आलाय. तेव्हापासून रंगाची बाटली वेगळी, तिच्यावर लाल रबरबँड.

रंग भराभर वाळून मध्येच कडक कडा पडत असतील, तर हात दोषी नाही, वारा दोषी आहे. कागद लहान घ्या, ब्रश मोठा घ्या, तीनशे जीएसएमचा जाड कागद असेल तर मागूनही ओला करा. चारही कोपऱ्यांना क्लिपा हव्यातच. बसायचं मात्र सावलीत. उन्हात पांढरा कागद इतका चमकतो की सगळे रंग फिके वाटतात, मग आपण गडद करत सुटतो आणि घरी ट्यूबलाइटखाली बघावं तर सकाळची संध्याकाळ झालेली! झाड नसेल तर कागदाकडे पाठ करून नव्हे, उन्हाकडे पाठ करून बसा. आपल्याच अंगाची सावली पुरते.

शेवटचं, जागा विचारून घ्या. उत्तनला बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले असतात आणि त्या ओळींमधून दिसणारा समुद्र कुणालाही मोह घालेल. पण ते कुणाचं तरी अंगण आहे. गिअरच्या सायकलला बहुधा स्टँड नसतो, त्यामुळे आपण ती मिळेल त्याला टेकवतो. मी "मावशी, इथे बसू का जरा?" विचारलं, तर वरून खालपर्यंत बघून उत्तर आलं, "बस की. पण ती सायकल उचल आधी माझ्या वलांडीवरून."