लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी पॅडेड शॉर्ट्स कशी निवडावी

दुकानात पॅडेड शॉर्ट्स हातात आली की जवळजवळ प्रत्येकजण एकच गोष्ट करतो. आत हात घालून पॅड अंगठ्याने दाबून बघतो. जेवढं जाड आणि लुसलुशीत तेवढं बरं, असा साधा हिशेब. माझी पहिली शॉर्ट्स मीही अशीच घेतली. जेल पॅडची, आत उशी शिवल्यासारखी. ती घालून पुणे–सातारा–पुणे करायला निघालो आणि कुणी सांगितलेलं नसल्यामुळे आतून नेहमीची सुती चड्डीही घातली. जाताना खंबाटकी चढेपर्यंत सगळं झकास. येताना सुरूर फाट्यावर चहाला थांबलो, चहावाल्याने बाकडं पुढे सरकवलं, ‘बसा की.’ मी म्हणालो, ‘नको, उभ्यानेच घेतो.’ तिथून घरापर्यंतचे जवळजवळ ८० किलोमीटर जमेल तितके पायडलवर उभं राहून काढले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुर्चीच्या कडेला टेकून बसलो, कारण कुणाला सांगता येईना.

तेव्हा कळलं ते असं. मिनिटाला ८० पायडल मारले तर तासाला ४,८०० होतात आणि १० तासांच्या राईडमध्ये ४८,०००. तितक्या वेळा मांडी सीटच्या बाजूने वरखाली जाते. कापड कातडीवर केसभर जरी सरकत असेल तरी संध्याकाळपर्यंत सालटं निघणारच. म्हणून शॉर्ट्स घेताना जाडी नंतर, आधी ती अंगावर जागच्या जागी राहते का ते बघायचं. पुढचं सगळं त्यासाठीच.

आधी सीट तपासा, मग शॉर्ट्स

चुकीच्या सीटवर महागातली शॉर्ट्सही काही करू शकत नाही. दोन तपासण्या घरीच होतात.

पहिली रुंदीची. चौरंगावर किंवा जिन्याच्या पायरीवर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, टाचा थोड्या उचलून पुढे वाका आणि मिनिटभर थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. ती आपली बसायची हाडं. दोन्हींच्या मध्यांमधलं अंतर मोजा, साधारण १० ते १५ सेंटिमीटर येतं. सीटचा मागचा भाग त्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवा, म्हणजे हाडं सीटच्या कडेवर न टेकता सपाट भागावर टेकतील.

दुसरी उंचीची. भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल खाली न्या. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. टाच पोचवण्यासाठी कंबर एका बाजूला कलंडत असेल तर सीट उंच आहे. उंच सीटवर माणूस प्रत्येक पायडलला डावी-उजवीकडे झुलतो आणि मग कुठलीही शॉर्ट्स काचतेच.

वरून जेलचं गुबगुबीत कव्हर असेल तर ते काढून टाका. मऊ कव्हरवर मऊ पॅड म्हणजे कापसाच्या गादीवर धावण्यासारखं आहे.

पॅड ओळखायला शिका

एसटीची जुनी सीट आठवा. बसताना मऊ लागते, दहा मिनिटांत खालची फळी जाणवायला लागते. स्वस्त जाड पॅडचं तेच होतं. त्यातला फोम विरळ असतो, वजन पडलं की चपटा होतो आणि पुढचे आठ तास चपटाच राहतो. चांगल्या पॅडचा फोम घट्ट असतो, आणि जाडी सगळीकडे सारखी नसते. हाडांखाली जास्त, पुढे आणि कडांना कमी. काही कंपन्या फोमची घनता लेबलवर छापतात, किलो प्रति घनमीटर या मापात. लांब पल्ल्याच्या पॅडमध्ये हाडांखालचा आकडा १०० किंवा त्याच्या वर असला तर चांगलं. आकडा नसेल तर पॅड बोटांच्या चिमटीत जोरात दाबून सोडा. बोटं एकमेकांना लागल्यासारखी वाटली तर शॉर्ट्स न घेता परत ठेवून द्या.

आता कडा. पॅडची कड बोटाने चाचपून बघा. ती हळूहळू पातळ होत कापडात मिसळायला हवी. कडेला पायरी जाणवली तर शंभराव्या किलोमीटरला ती मांडीत रुतणार. शिवणही चपटी हवी, उलट बाजूला उभा राहणारा काठ नको. आणि पॅडच्या बरोबर मधून शिवण जात असेल तर पुढे काही बघूच नका.

तुम्ही सायकलवर कसे बसता यावरही पॅड ठरतं. सरळ हँडलची हायब्रिड असेल, पाठ बऱ्यापैकी ताठ राहत असेल, तर वजन मागे पडतं आणि पॅड मागे रुंद लागतं. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारीला जाणारे बरेचजण असेच बसतात. खाली वळलेल्या हँडलची रोड बाईक असेल तर माणूस पुढे झुकतो, दाब पुढे सरकतो, तिथे अरुंद आणि पुढेपर्यंत आधार देणारं पॅड चालतं. मित्राने छातीठोकपणे सुचवलेली शॉर्ट्स आपल्याला का टोचते, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

बायकांनी पुरुषांची शॉर्ट्स ‘एक साइज लहान’ म्हणून घेऊ नये. बायकांच्या पॅडचा घाटच वेगळा असतो, मागे रुंद आणि पुढे आखूड. दुकानदार ‘युनिसेक्स आहे मॅडम’ म्हणाला तर ती पुरुषांची आहे असं समजायचं.

कमरेची की बिब?

बिब म्हणजे खांद्यावरून पट्टे येणारी. पहिल्यांदा घातल्यावर आरशात कुस्तीगीर दिसतो, त्याला इलाज नाही. पण कमरेला इलॅस्टिक नसल्यामुळे ओणवं झाल्यावर पोटात काही रुतत नाही आणि पट्टे पॅडला वर ओढून धरतात, ते दिवसभर हलत नाही. माझ्यासारखं थोडं पोट सुटलेलं असेल तर बिबच घ्या. अडचण एकच, लघवीला जाताना जर्सी काढण्यापासून सुरुवात. पुरुषांना पुढचं कापड खाली ओढून भागवता येतं. बायकांसाठी मागून खाली ओढता येणाऱ्या किंवा पट्ट्याला क्लिप असलेल्या बिब मिळतात. हायवेवरच्या स्वच्छतागृहांची अवस्था बघता ते जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. ५०–६० किलोमीटरपर्यंतच्या राईडला कमरेची शॉर्ट्स पुरते.

माप आणि ट्रायल रूम

कंबर, नितंबाचा सर्वांत रुंद भाग आणि मांडी अशी तीन मापं टेपने घ्या. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण सैल घालतो. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. युरोपियन एम आणि आशियाई एम यांत चक्क एका साइजचा फरक पडू शकतो. दोन साइजच्या मधोमध अडकलात तर लहान घ्या, कारण घामाने आणि वापराने लायक्रा थोडी सैलावतेच. पण इतकीही लहान नको की परकराच्या नाडीसारखा वळ उठेल.

ट्रायल रूममध्ये उभं राहून आरशात बघणं निरुपयोगी आहे. उभ्याने चांगली शॉर्ट्स विचित्रच वाटते, बिबचे पट्टे खांद्याला ओढतात, पॅड लंगोटासारखं मागे लोंबतं. तिचा बेत ओणव्या माणसासाठी आहे. म्हणून हे करून बघा:

हँडल धरल्यासारखे पुढे वाका. खांद्याची ओढ गेली पाहिजे आणि कमरेची कड मागे घसरता कामा नये.

तसंच वाकलेलं असताना दोन्ही मांड्यांच्या मधल्या जागी पॅड चिमटीत धरून खाली ओढा. अंग आणि पॅड यांच्यात पोकळी झाली तर साइज मोठी आहे.

एक पाय स्टुलावर ठेवून गुडघा दहा-पंधरा वेळा वर-खाली करा. मांडीवरची पट्टी वर चढत गेली तर ती राईडमध्ये गोळा होणार. ही पट्टी रुंद बघा. अरुंद सिलिकॉनची पट्टी मांडीला सॉसेजसारखी बांधते, आणि कुणाकुणाला सिलिकॉनने खाजही सुटते.

शेवटी स्टुलाच्या कडेवर बसून हाडं पॅडच्या जाड भागावर येतात का ते चाचपा. इंचभर पुढे-मागे असेल तर ‘वापरून बसेल’ यावर विश्वास ठेवू नका. पॅड शिवलेलं असतं, ते कुठे जात नाही.

ट्रायल करताना आतले कपडे ठेवायचे, हा दुकानातला शिष्टाचार. सायकलवर मात्र आत काहीही घालायचं नाही. सुती चड्डी घाम धरून ठेवते आणि तिच्या शिवणी नेमक्या नको तिथे येतात. लाज वाटत असेल तर वरून एखादी पातळ सैल हाफपँट घाला. गावातून जाताना, चहाला थांबताना बरी पडते. मीसुद्धा पहिलं वर्षभर घालायचो.

हजार-बाराशेपासून दहा हजारांच्या पुढेपर्यंत किमती आहेत. माझं मत विचाराल तर तीन स्वस्त शॉर्ट्सच्या पैशांत एक मधल्या किमतीची घ्यावी.

लगेच २०० किलोमीटरला नेऊ नका

नवी शॉर्ट्स आधी २० किलोमीटर, मग ५०, मग एक १०० ची राईड. त्यानंतरच ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे एखादी लहानशी खोडही तेरा तास सोबत असते. चाचणीच्या प्रत्येक राईडनंतर ‘दुखलं’ एवढंच म्हणू नका, नेमकं कुठे दुखलं ते बघा.

दोन्ही हाडांच्या जागी ठणका असेल तर पॅड विरळ आहे किंवा सीटची रुंदी चुकली. सवय नसलेल्यांना पहिले एक-दोन आठवडे थोडं दुखतंच, ते आपोआप जातं. मांडीच्या आतल्या बाजूला चरचरत असेल तर शॉर्ट्स सैल आहे किंवा शिवण घासते. पॅडच्या कडेच्या आकाराची लाल रेघ उमटली असेल तर पॅड तुमच्यासाठी रुंद आहे. फक्त एकाच बाजूला सोलवटलं तर शॉर्ट्सला दोष देण्याआधी सीटची उंची पुन्हा बघा. पुढच्या भागात मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मुळीच दुर्लक्ष करू नका. सीटचं टोक वर उचललेलं असेल तर सपाट करा, जास्त मऊ पॅड असेल तर बदला. एवढं करूनही बधिरपणा येत राहिला तर डॉक्टरांना दाखवा, यात संकोच नको.

आणि शॉर्ट्स कितीही चांगली असो, दर दहा-पंधरा मिनिटांनी काही सेकंद पायडलवर उभं राहायचं. चढावर गिअर वाढवून, उतारावर पायडल थांबवून. रक्त खेळतं राहतं.

क्रीम

पूर्वी हे पॅड खरोखरच चामड्याचं असायचं. युरोपातल्या डोंगरांत शॅमॉय नावाचा शेळीसारखा प्राणी असतो, त्याच्या कातड्याचं. धुतलं की ते पापडासारखं कडक व्हायचं, म्हणून त्याला मलम चोळून मऊ करत. चामडं गेलं, मलम राहिलं, आणि पॅडला शॅमॉय म्हणायची सवयही राहिली. आता ते क्रीम कातडीचं घर्षण कमी करायला वापरतात. घासणाऱ्या जागी आणि पॅडवर पातळ थर पुरतो. खोबरेल तेल छोट्या राईडला चालतं, पण लवकर जिरतं. व्हॅसलीन टिकतं, पण पॅडमध्ये चिकटून बसतं आणि धुताना निघत नाही. काही क्रीममध्ये मेन्थॉल असतं. पहिल्यांदा अगदी थोडं लावून घरी बघा. मी थेट राईडच्या पहाटे सढळ हाताने लावलं होतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

राईडनंतर

घरी आल्यावर त्याच शॉर्ट्समध्ये पोहे खात, फोटो टाकत बसू नका. घाम आणि ओलावा यांतूनच केसतूड उठतं आणि ते एकदा उठलं की आठवडाभर सायकल बंद. आधी आंघोळ. केसतूड झालंच तर दाबून फोडायचं नाही, जागा कोरडी ठेवायची. वाढलं किंवा ताप आला तर दवाखाना.

शॉर्ट्स प्रत्येक राईडनंतर धुवायची, उलटी करून, गार पाण्यात, सौम्य लिक्विडने. ब्रश नको, दगडावर आपटणं नको, पीळ तर अजिबात नको. फॅब्रिक कंडिशनरही नको, तो धाग्यांवर बसतो आणि मग कापड घाम बाहेर सोडत नाही. पॅडची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. पावसाळ्यात पॅड दोन-दोन दिवस दमट राहतं, म्हणून दोन शॉर्ट्स हव्यातच. दोन-तीन दिवसांच्या राईडवर लॉजमध्ये धुतली तर कोरड्या टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून त्यावर उभे राहा. निम्मं पाणी टॉवेल पितो, उरलेलं रात्रभर पंख्याखाली जातं.

कधी टाकायची? मागचं कापड ताणून खिडकीच्या उजेडात धरा. पलीकडची ग्रिल दिसली तर तुमच्या मागून येणाऱ्या सायकलस्वाराला त्याहून बरंच काही दिसत असणार, आणि भिडेखातर तो सांगत नाही. माझ्या त्या जेलवाल्या शॉर्ट्सचं पॅड मी कापून काढलं आणि टूल बॅगेत ठेवलंय. रस्त्याकडेला पंक्चर काढताना गुडघ्याखाली घ्यायला छान आहे.