सांतियागोची पायवाट लहान गटाने चालताना: या चुका टाळा

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोंपोस्तेला हे शहर आहे. तेथील कॅथीड्रलमध्ये येशूचे शिष्य संत याकोब यांची कबर आहे, या श्रद्धेने मध्ययुगापासून यात्रेकरू तेथे पायी जात आले आहेत. या यात्रेच्या अनेक वाटांपैकी सर्वांत रुळलेली वाट ‘कामिनो फ्रान्सेस’ या नावाने ओळखली जाते. ती फ्रान्समधील साँ-झाँ-पिए-द-पोर या गावातून निघते, पिरेनीज पर्वत ओलांडते आणि पाम्प्लोना, बुर्गोस, लेओन ही शहरे मागे टाकत सुमारे ७८० किलोमीटरनंतर सांतियागोला पोहोचते. पूर्ण वाटेला साधारण ३० ते ३५ दिवस लागतात. तेवढी रजा ज्यांना मिळत नाही ते बहुधा सारिया या गावापासून शेवटचे सुमारे ११५ किलोमीटर चालतात.

मी या वाटेवर दोनदा, दोन्ही वेळा पाच-सहाजणांच्या गटाबरोबर चाललो आहे. गटात वसई आणि गोव्याचे कॅथलिक होते, तसेच पुण्याचे हिंदू मित्रही होते. आमच्यापुढे ज्या अडचणी आल्या त्यांतील बऱ्याचशा निघण्यापूर्वी घरी एकत्र बसून तासभर मोकळेपणाने बोललो असतो तर आल्याच नसत्या, असे मला आज वाटते आणि म्हणूनच हे लिहीत आहे.

सर्वांनी एकाच वेगाने चालण्याचा आग्रह

लहान गटाची ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती प्रेमापोटी होते. ताशी ५ किलोमीटर चालणाऱ्याला २० किलोमीटरच्या टप्प्याला चार तास लागतात, ताशी ४ किलोमीटर चालणाऱ्याला पाच. एवढा एक तासाचा फरक मिटवण्यासाठी वेगवान माणूस दिवसभर अडखळत चालतो आणि संथ माणूस दिवसभर धापा टाकत चालतो. स्वतःची नैसर्गिक चाल सोडून दुसऱ्याची चाल धरली की गुडघा, घोटा आणि नडगी यांवर वेगळा ताण येतो, आणि नडगीच्या पुढच्या बाजूचे जे दुखणे अनेकांना दुसऱ्या आठवड्यात घरी पाठवते त्याची सुरुवात बहुधा अशाच दिवसांत झालेली असते.

आमच्या पहिल्या यात्रेत वयाने सर्वांत मोठ्या असलेल्या बाईंना आम्ही सगळे मावशी म्हणत असू. टाचेला फोड आल्याचे त्यांनी दोन दिवस कोणाला कळू दिले नाही, कारण आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होईल अशी भीती त्यांना वाटत होती. कोणी विचारले की त्या म्हणत, “अरे, तुम्ही व्हा पुढे, मी येते हळूहळू.” तिसऱ्या दिवशी त्यांना बूट चढवता येईना आणि पाम्प्लोनापर्यंतचा टप्पा बसने करावा लागला. त्या दिवसापासून आम्ही नियम केला की “तुम्ही व्हा पुढे” हे वाक्य ऐकू आले की कोणीतरी एकाने थांबायचे, त्या माणसाला बसवायचे, बूट-मोजे काढून पाय पाहायचे आणि मगच निघायचे. दुखणे सांगणाऱ्याचे आभार मानण्याची सवय गटाला लागली, तर दुखणे लपवण्याचे कारणच उरत नाही.

यावर उपाय असा की सकाळी निघताना दोन भेटीची ठिकाणे ठरवावीत: एक साधारण निम्म्या वाटेवरच्या गावातील कॅफे आणि दुसरे मुक्कामाचे ठिकाण. मधल्या अंतरात प्रत्येकाने आपल्या चालीने जावे, मात्र सर्वांत संथ माणसाच्या सोबत कोणीतरी एक जण असावा आणि ती पाळी रोज बदलावी. वाट चुकण्याची शक्यता कमी असते, कारण पिवळे बाण जागोजागी आहेत. ओ सेब्रेइरो या डोंगरावरच्या गावाचे धर्मगुरू फादर एलियास बालिन्या यांनी १९८० च्या दशकात हे बाण रंगवण्याचे काम सुरू केले आणि आज लाखो लोक त्यांच्या भरवशावर चालतात. तरीही ताटातूट झालीच तर गालिसिया प्रांतात एक सोय फार उपयोगी पडते. तेथे वाटेच्या कडेला दगडी खांब आहेत आणि त्यांवर सांतियागोपर्यंतचे उरलेले अंतर लिहिलेले असते. फोनवर खांबावरचा तो आकडा सांगितला की कोण कोठे आहे हे लगेच कळते. खऱ्या संकटात ११२ हा क्रमांक लावायचा, हे प्रत्येकाला पाठ असावे.

पहिल्या दिवसाला कमी लेखणे

साँ-झाँपासून रोन्सेस्व्हायेसपर्यंत सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे आणि वाट साधारण १७० मीटर उंचीवरून १४०० मीटरच्या वर चढते. विमानप्रवासाचा शीण अंगात असताना दुसऱ्याच सकाळी हा चढ घेणे अनेक गटांना महागात पडते. साँ-झाँहून सुमारे आठ किलोमीटरवर ओरिसोन येथे मुक्कामाची सोय आहे. तेथे आधी जागा राखून पहिला टप्पा दोन दिवसांत विभागता येतो आणि गटात साठीच्या पुढचे कोणी असेल तर मी हाच मार्ग सुचवीन. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगरमाथ्यावरची ‘नेपोलियन वाट’ बंद असते. बर्फ आणि धुके यांमुळे तेथे माणसे दगावलेली आहेत, म्हणून त्या दिवसांत, तसेच इतर वेळीही हवा बिघडलेली असताना, वालकार्लोसच्या दरीतून जाणारी खालची वाट घ्यावी. यात गटाचे मत घेण्यासारखे काही नाही. साँ-झाँच्या यात्रेकरू कार्यालयात जे सांगतात ते ऐकावे.

चढापेक्षा उतार पायांना जास्त छळतो. माथ्यावरून रोन्सेस्व्हायेसकडे बीच वृक्षांच्या जंगलातून जाणारी तीव्र उतरण आहे आणि उजवीकडे इबान्येता खिंडीवरून जाणारी थोडी लांब पण सौम्य वाट आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी दुसरी निवडावी. दुसऱ्या दिवशी सुबिरी गावाकडे उतरताना खडक तिरके आणि पावसात निसरडे असतात, आणि पुढे लेओननंतरच्या डोंगरावर उभ्या असलेल्या लोखंडी क्रुसावरून मोलिनासेका गावाकडे येतानाही हीच परीक्षा होते. उतार सुरू होण्यापूर्वी बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधली की पाऊल पुढे सरकत नाही आणि बोटांची नखे काळी पडत नाहीत.

फोड येऊ देणे

पायाला एखाद्या जागी गरम लागू लागले, की फोड येण्यापूर्वीची ती सूचना असते. त्याच क्षणी थांबून मोजे काढावेत, पाय वाऱ्यावर कोरडा करावा आणि त्या जागेवर चिकटपट्टी लावावी. पुढच्या गावात पाहू असे म्हटले की पुढच्या गावात फोड पाहावा लागतो. बूट निघण्यापूर्वी निदान दीड-दोन महिने वापरलेले असावेत आणि नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे असावेत, कारण रोज पाच-सहा तास चालल्यावर पाय सुजतात. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून मेरिनो लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घ्यावेत. मधुमेह असलेल्यांनी पायांविषयी डॉक्टरांचा सल्ला घरूनच घेऊन निघावे आणि रोज रात्री दुसऱ्या कोणाकडून तळवे तपासून घ्यावेत.

वारीच्या सवयीने निघणे

पंढरीची वारी केलेल्या मंडळींना चालण्याचा सराव असतो, पण तेथे दिंडीचा ट्रक सामान नेतो, मुक्कामी तंबू लागलेले असतात आणि पंगतही मांडली जाते. कामिनोवर प्रत्येक यात्रेकरू आपल्या सोयीला स्वतः जबाबदार असतो. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. गटाने जाण्याचा लाभ येथे घ्यावा: औषधांचा एकच डबा, एकच चार्जर-पट्टी, एकच कपडे धुण्याचा साबण. ज्यांना ओझे झेपत नाही त्यांचे सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या सेवा आहेत, स्पेनची टपालसेवाही हे काम करते. त्यात कमीपणा मानू नये. मात्र अनेक धर्मादाय आणि सार्वजनिक निवासांत पुढे पाठवलेले सामान स्वीकारत नाहीत, हे लक्षात ठेवून मुक्काम ठरवावा.

यात्रेकरूंच्या निवासाला ‘आल्बेर्गे’ म्हणतात. गालिसिया सरकारच्या आल्बेर्गेमध्ये आगाऊ जागा राखता येत नाही, आधी येईल त्याला खाट मिळते आणि दार साधारण दुपारी एकला उघडते. सहाजणांच्या गटासाठी पुढे धावलेल्या एकाने सहा खाटा अडवून ठेवणे हे येथील रीतीला धरून नाही आणि ओस्पितालेरो, म्हणजे निवास सांभाळणारे सेवेकरी, ते चालूही देत नाहीत. सारियानंतर आणि मे, सप्टेंबरसारख्या गर्दीच्या महिन्यांत गटाने खासगी आल्बेर्गेमध्ये आधीच जागा राखावी हे बरे. रात्री दहाला दिवे मालवतात. पहाटे पाचला प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सामान भरणारा गट सगळ्या खोलीची झोप मोडतो, म्हणून सामान रात्रीच भरून ठेवावे आणि बोलणे खोलीबाहेर करावे.

व्हिसाविषयी एवढेच सांगतो: चालण्याची सुरुवात फ्रान्समध्ये होत असली तरी बहुतेक दिवस स्पेनमध्ये जाणार असल्याने शेंगेन व्हिसाचा अर्ज स्पेनकडे करावा लागतो आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास-आरोग्य विमा असावा लागतो.

जेवणाच्या वेळा आणि शाकाहार

दुपारी दोन ते पाच या वेळेत लहान गावांतील दुकाने बंद असतात, रविवारी तर बहुतेक दिवसभर, आणि रात्रीचे जेवण आठच्या आधी मिळणे अवघड असते. मधुमेही आणि सकाळी लवकर निघणाऱ्यांनी सुकामेवा, फळे आणि पाव जवळ बाळगावेत. शाकाहारी मंडळींची फसगत बहुधा ‘एन्सालादा मिक्स्ता’ या कोशिंबिरीत होते, कारण तिच्यात ट्यूना मासा घातलेला असतो. गालिसियाच्या पालेभाजीच्या सूपमध्येही डुकराचे मांस किंवा चरबी असते. “मी मांस आणि मासे खात नाही” हे वाक्य स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून नेले की प्रश्न सुटतो. कार्रिओन दे लोस कोंदेसच्या पुढे सुमारे १७ किलोमीटर गाव नाही, सावली नाही. त्या टप्प्याला प्रत्येकाने निदान दोन लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर घ्यावे, “त्याच्याकडे आहे” यावर विसंबू नये.

प्रार्थनेविषयी न बोलणे

हा विषय नाजूक वाटतो म्हणून गट तो टाळतात आणि मग दोन्ही बाजूंची मने दुखावतात. आमच्यातील कॅथलिक मंडळींना रोज संध्याकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधील सामुदायिक उपासना, हवी होती, इतरांना विश्रांती हवी होती, आणि पहिले चार दिवस प्रत्येकजण समोरच्याला काय वाटेल या विचाराने गप्प राहिला. शेवटी ठरले की मिस्सेला ज्याने त्याने आपल्या इच्छेने जावे आणि जेवण त्यानंतर एकत्र करावे. रोन्सेस्व्हायेसच्या संध्याकाळच्या मिस्सेनंतर यात्रेकरूंना आशीर्वाद दिला जातो; तेथे कोणत्याही धर्माच्या माणसाने बसावे, फक्त ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यासाठी कॅथलिक नसलेल्यांनी पुढे जाऊ नये. सकाळचा पहिला तास मौनाने चालायचे, हाही आमच्या गटाचा ठराव होता आणि तो न विसरता पाळला गेला.

गोव्याच्या मंडळींना आणखी एक ओढ असते. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत ज्यांचे अवशेष आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर पाम्प्लोना ज्यात आहे त्याच नावारा प्रांतात, हावियेरच्या किल्ल्यात १५०६ साली जन्मले. तो किल्ला या वाटेवर नाही, पाम्प्लोनापासून रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. तेथे जायचे असेल तर वेळापत्रकात एक स्वतंत्र दिवस आधीच ठेवावा. आयत्या वेळी हट्ट झाला की राखलेल्या सगळ्या जागांची साखळी तुटते.

शिक्के आणि शेवटचा दिवस

वाटेवरचे शिक्के ज्यात घेतात त्या यात्रेकरूच्या पासपोर्टला ‘क्रेदेन्सियाल’ म्हणतात. ‘कोंपोस्तेला’ हे लॅटिन प्रमाणपत्र मिळण्यासाठी किमान १०० किलोमीटर चालून सांतियागोला पोहोचावे लागते आणि सारियाहून निघणाऱ्यांनी रोज किमान दोन शिक्के घ्यावे लागतात. सर्वांचे क्रेदेन्सियाल एकाच पिशवीत ठेवणे ही गटांची हमखास चूक आहे. ती पिशवी एका कॅफेत राहिली की सगळ्यांचीच नोंद जाते. ज्याचे त्याने जवळ ठेवावे, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावे, कारण गालिसियात पाऊस सांगून येत नाही.

बोताफुमेइरो ही प्रचंड धूपदाणी रोज झुलवली जात नाही. ती ठरावीक सणांना, जसे २५ जुलैच्या संत याकोबांच्या सणाला, आणि आगाऊ देणगी देऊन केलेल्या विनंतीवरून झुलवली जाते. तेव्हा ती दिसेलच असे कोणालाही आधी सांगू नये. २५ जुलै रविवारी येतो ते पवित्र वर्ष असते; पुढचे पवित्र वर्ष २०२७ आहे आणि त्या वर्षी जाणाऱ्यांनी मुक्काम फार आधी राखावेत. कॅथीड्रलमध्ये पाठीवरच्या मोठ्या पिशव्या नेता येत नाहीत, म्हणून दुपारी बाराच्या मिस्सेपूर्वी सामान निवासावर ठेवण्याइतका वेळ हाताशी असावा.

शेवटच्या सकाळी वेगवान माणसांचे पाय आपोआप उचलले जातात. त्यांनी मोंते दो गोसो या टेकडीवर थांबावे. तेथून कॅथीड्रलचे मनोरे पहिल्यांदा दिसतात आणि उरलेले अंतर सुमारे पाच किलोमीटर असते. आमच्या दुसऱ्या यात्रेत मावशी पुन्हा आल्या होत्या आणि त्या टेकडीवर आम्ही त्यांची पन्नास मिनिटे वाट पाहिली. त्या आल्या, पाणी प्यायल्या, आणि तेथून कॅथीड्रलसमोरच्या चौकापर्यंत आम्ही सर्वजण त्यांच्या चालीने चाललो.