मानेचं मटण, गराडू आणि मंद आच

इंदूरला थंडी पडली की सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू तळायला लागतात, आणि आमच्या घरी रविवारी मानेचं मटण शिजतं. गराडू म्हणजे माळव्यातला कंद. लोक तो तळून, वर जीरावन (तिखट-आंबट कोरडा मसाला) भुरभुरून खातात, पण मटणाच्या रश्श्यात तो याहूनही छान लागतो असं माझं पक्कं मत आहे.

खाटकाकडे बहुतेक गिऱ्हाईक मांडी आणि चाप मागतं. मान आणि पायाची नळी मागे राहते, म्हणून स्वस्तात मिळते. बोकड दिवसभर मान खाली-वर करत चरतो. ज्या स्नायूला काम जास्त, त्यात पांढरे चिवट पडदे जास्त. हेच पडदे मंद आचेवर हळूहळू विरघळतात आणि रस्सा असा दाट होतो की बोटं एकमेकांना चिकटतात. त्यामुळे खाटकाला पडदे काढू देऊ नका. "टुकड़े बड़े रखना" एवढं मात्र आठवणीने सांगा. लहान तुकडे अडीच तास टिकत नाहीत.

एक किलो मटणाला (अर्धी मान, अर्धी नळी) हळद, मीठ आणि दोन चमचे आलं-लसूण चोळून तासभर ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात तेल चांगलं तापवून तुकडे थोडे थोडे परता. सगळे एकदम टाकले तर पाणी सुटतं आणि मटण परतण्याऐवजी उकडतं. तुकडे बाजूला काढून त्याच तेलात तीन कांदे तांबूस करा, काळा मसाला आणि तिखट घाला, मटण परत आत टाका. तुकडे अर्धे बुडतील एवढंच कढत पाणी ओता. गार पाणी कधीच नाही.

आता झाकण. माझी आई खोलगट ताट उपडं न घालता सरळ ठेवायची आणि त्यात पाणी भरायची. मीही तेच करतो. वरच्या पाण्यामुळे ताट फार तापत नाही, त्यामुळे खालची वाफ ताटाला लागून पुन्हा आत ठिबकते. रस्सा आटला तर घालायला तेच गरम पाणी हाताशी असतं. पातेल्याखाली तवा ठेवा आणि गॅस सगळ्यात बारीक करा. झाकण उचललं की कडेला एखादाच बुडबुडा दिसायला हवा. खळाखळा उकळलं की मांसाचे धागे आवळतात, आतला रस बाहेर पडतो आणि मटण मऊ होऊनही कोरडं लागतं.

तासाभराने तुकडा दाबून बघाल तर तो पहिल्यापेक्षाही कडक वाटेल. इथेच लोकांचा धीर सुटतो आणि सगळं कुकरमध्ये जातं. तसं करू नका. धागे आवळून झालेले असतात, पडदे अजून विरघळायचे असतात. आणखी पाऊण तास जाऊ द्या. कुकरमध्ये आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. मांडीच्या मटणाला घाई असेल तर ते चालतं, मानेचे मात्र धागे सुटे होतात आणि हाडं वेगळी तरंगतात.

या मधल्या वेळात गराडू सोला. हाताला आधी तेल लावा, नाहीतर खाज सुटते. पाव किलो गराडूचे मोठे चौकोनी तुकडे करून थोड्या तेलात कडा तांबूस होईपर्यंत परता, म्हणजे रश्श्यात फुटत नाहीत. सोबत दोन शलगम अर्धे करून आणि दोन लाल गाजरं जाड कापून. रताळं नको, रस्सा गोड होतो.

पावणेदोन तास झाले, सुरीचं टोक मटणात थोडं अडखळत का होईना जायला लागलं, की भाज्या घाला. सोबत भाजलेलं सुकं खोबरं, तीळ आणि भाजलेल्या कांद्याचं वाटण. टोमॅटो यानंतर, भाज्या मऊ झाल्यावरच. आंबट आधी पडलं तर कंद कितीही वेळ ठेवा, मधे कचकचीत राहतात. पुन्हा ताट, पुन्हा पाणी, साधारण पाऊण तास. नळीतला मगज काडीने ढकलल्यावर सहज सरकला की झालं.

गॅस बंद करून अर्धा तास झाकण उघडू नका. मग वर आलेला कट थोडा काढा (दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला उपयोगी पडतो), कोथिंबीर घाला आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढा.

उरलेलं फ्रिजमध्ये थिजून घट्ट होईल. गरम करताना पाणी घालू नका. बारीक गॅसवर ते आपोआप सुटतं, आणि तोवर पळी घालून ढवळू नका, गराडू मोडतो.